मदत हवी आहे: विमा चालू असताना कॅमेऱ्याचं चलन

स्कूटर फोंड्याची, जीए ०५. पणजीजवळ मेरशीच्या सिग्नलवर कॅमेऱ्याने नंबरप्लेट टिपली आणि मोबाइलवर ई-चलन आलं: विमा नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १९६, २,००० रुपये. फोटो इतका स्वच्छ की हुकाला लटकवलेली बांगड्यांची पिशवीसुद्धा दिसते!

पण विमा होता. जुना संपायच्या आदल्या दिवशीच दुसऱ्या कंपनीचा घेतला. एमपरिवहन या सरकारी अॅपवर मात्र अजून जुनीच पॉलिसी दिसते. आरसी बुक समोर ठेवून अक्षर-अक्षर ताडलं, तेव्हा कळलं: नव्या पॉलिसीत चासी नंबरात ८ च्या जागी इंग्रजी बी पडलाय. म्हणूनच 'वाहन' या सरकारी नोंदणी प्रणालीत नोंद जुळली नसावी.

कंपनीकडून दुरुस्तीचं पत्र मिळालं, त्यावर तारीख चलनानंतरची. पोर्टलवर पॉलिसी जोडून तक्रार टाकली, तीन आठवडे उत्तर नाही. आरसी, पीयूसी ठीक आहे, पत्ताही बदललेला नाही.

पैसे भरून मोकळा झालो असतो, पण पुढे काही झालं तर तो दुसरा गुन्हा धरून ४,००० लावतील ही धास्ती. कोणी असं चलन रद्द करून घेतलंय का? कागद घेऊन आधी पणजीला वाहतूक पोलिसांकडे जावं की फोंड्याच्या आरटीओत, आणि नंतरच्या तारखेचं दुरुस्तीपत्र चालतं का?