गाईडच्या दोरावरचं शिखर आपलं म्हणायचं का?

हिमरेषा

गाईड घेऊन हिमशिखरांवर पाच-सहा दिवसांची मोहीम करणाऱ्यांना एक टोमणा ठरलेला असतो: 'पैसे मोजले आणि शिखर घेतलं.' मला हे पटत नाही. ज्याने हिमनदीवर कधी पाय ठेवलेला नाही, त्याने आल्प्ससारख्या पर्वतात पहिल्यांदा जाताना प्रशिक्षित गाईडबरोबरच जावं आणि त्यात कमीपणा मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून हा धागा.

कातळावर उत्तम चढणारा माणूसही हिमनदीवर नवशिकाच असतो. कातळावरचा धोका बराचसा दिसतो, निदान हाताला जाणवतो. हिमनदीवरची क्रेव्हास, म्हणजे खोल भेग, बर्फाच्या पातळ पुलाखाली झाकलेली असते आणि वरून तो भाग आजूबाजूच्या बर्फासारखाच दिसतो. म्हणून दोरात बांधून चालायचं, अंतर राखायचं, दोर सैल पडू द्यायचा नाही. दोघंच असाल तर मधल्या दोराला गाठी मारायच्या, म्हणजे एखादा आत गेलाच तर गाठ भेगेच्या कडेला रुतून मागच्यावरचा भार हलका होतो. मग बर्फात अँकर, म्हणजे दोर बांधायचा पक्का आधार, करायचा, भार त्यावर न्यायचा, पुली लावून ओढायचं. हे सगळं वाचून समजतं. पण आपल्या हार्नेसवर जोडीदाराचं वजन लटकतंय, आपण बर्फात पालथे पडलोय आणि त्याच अवस्थेत अँकर गाडायचाय, हे पहिल्यांदा करताना शेजारी जाणकार माणूस उभा असलेला बरा.

वेळेचंही तसंच. रात्री दोन-तीनला हेडलॅम्प लावून का निघायचं? रात्रीच्या गारठ्यात बर्फाचे पूल घट्ट असतात, सुटे दगड गोठून जागेवर राहतात. ऊन चढलं की दोन्ही बिघडतं. माँ ब्लाँ या आल्प्समधल्या सर्वांत उंच शिखराच्या नेहमीच्या वाटेवरची गूतेची घळ दरडींसाठी बदनाम आहे. ती कधी ओलांडायची, कशी पळत ओलांडायची आणि कोणत्या दिवशी तिकडे फिरकायचंच नाही, हे तिथे वर्षानुवर्षे जाणारा सांगतो.

मात्र कुठल्याही मोहिमेला जावं असं मी म्हणत नाही. पहिले दोन दिवस क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दाते), आईस अ‍ॅक्सने, म्हणजे बर्फाच्या कुऱ्हाडीने, घसरण थांबवणं आणि क्रेव्हासमधून सुटका यांना दिलेले असावेत. हवामानासाठी एक दिवस राखीव असावा. गाईडकडे आयएफएमजीए या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता असावी. ही संघटना १९६५ साली स्थापन झाली आणि तिची पात्रता मिळवायला कातळ, बर्फ आणि स्की या तिन्हींत काही वर्षं घालवावी लागतात. एका गाईडमागे किती जण, हे आधी विचारावं. माँ ब्लाँवर साधारणपणे दोन, मॅटरहॉर्नसारख्या कठीण शिखरावर सहसा एकच. आणि 'शिखर नक्की' असं कुणी सांगत असेल तर तिथे नाव नोंदवू नये.

उत्तरधार

पूर्ण असहमत, आणि टोमणा न मारता कारण सांगतो.

आल्पाइन आरोहणात पाय आणि हात हा निम्मा भाग. उरलेला निम्मा भाग निर्णयांचा. आज निघायचं की नाही, डावीकडची धार घ्यायची की घळ, दोर आखूड करायचा की अँकर करून बिले द्यायचा, म्हणजे एका जागी थांबून जोडीदाराचा दोर सांभाळायचा, ढग दिसताहेत तर इथूनच मागे फिरायचं का. गाईडबरोबरच्या मोहिमेत हे सगळे निर्णय तुमच्या वतीने कुणीतरी घेतलेले असतात. तुम्ही पुढच्या माणसाच्या टाचेकडे बघत चालता. दोर तुमच्या कमरेला असतो, पण तो कसा चालतो ते तुमच्या हाताला कळत नाही.

खरी भीती मला पुढच्या वर्षाची वाटते. असा माणूस फोटो घेऊन परततो, त्याच्या नावावर चार हजार मीटरवरची दोन शिखरं असतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तो मित्राला घेऊन स्वतःच निघतो. मित्र त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. त्याने शिखर पाहिलेलं असतं, वाट शोधलेली नसते.

गाईडशिवाय जाणं हे काही वेडं धाडस नाही. १८५५ साली चार्ल्स हडसन, ई. एस. केनेडी हे इंग्रज गिर्यारोहक आणि त्यांचे सोबती गाईड न घेता माँ ब्लाँवर गेले. ममरी या इंग्रज गिर्यारोहकासारख्यांनी पुढे कठीण वाटांवरही ते करून दाखवलं. त्यांनी आधी सोप्या डोंगरांवर दिवस घालवले होते. आजही तो रस्ता खुला आहे. ज्या वर्गात शिखराचा उल्लेखही नाही अशा हिमनदी-प्रशिक्षणाला जा. मग फ्रेंच श्रेणीतली 'एफ', म्हणजे सर्वांत सोपी शिखरं अनुभवी सोबत्यांबरोबर करा. चुकीची वाट घेऊन वेळेत ओळखणं आणि परत फिरणं, यातून जे येतं ते आठवड्याच्या पॅकेजातून येत नाही.

हिमरेषा

@उत्तरधार, हडसनचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून पुढची दहा वर्षंही बघू. १४ जुलै १८६५, मॅटरहॉर्नची पहिली चढाई. उतरताना एकोणीस वर्षांचा हॅडो घसरला, पुढच्या गाईड मिशेल क्रोवर आदळला, मागून हडसन आणि लॉर्ड डग्लस ओढले गेले, दोर तुटला आणि चौघं गेले. हॅडोला बरोबर घ्यावं का, असं त्याच दोरावरच्या एडवर्ड व्हिम्परने आधी विचारलं होतं. हडसनचं उत्तर त्याने लिहून ठेवलं आहे: याने माँ ब्लाँ बहुतेकांपेक्षा कमी वेळात केलं आहे. अनुभवी सोबत्याच्या एका वाक्यावर निर्णय झाला. तुमच्या 'अनुभवी सोबत्यां'ची परीक्षा कोण घेतं? कितीतरी जणांचा अनुभव म्हणजे आजवर काही झालं नाही, एवढाच असतो. मान्यताप्राप्त गाईडची निदान कुणीतरी कसून परीक्षा घेतलेली असते.

आणि मागे फिरण्याबद्दल. २०२२च्या जुलैमध्ये उष्णता इतकी वाढली की माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवर आणि मॅटरहॉर्नवर दरडी कोसळत होत्या. ऐन हंगामात अनेक गाईड-संस्थांनी स्वतःहून तिथल्या चढाया थांबवल्या. आपली कमाई बुडवून 'नाही' म्हणणं मला निर्णयक्षमतेचा फार मोठा धडा वाटतो. त्या वेळी गाईडशिवाय वर जाणारे होतेच.

उत्तरधार

मॅटरहॉर्नचं उदाहरण माझ्याही बाजूने बोलतं. त्या दोरावर क्रो होता, टाउगवाल्डर पितापुत्र होते. सात जणांत तीन व्यावसायिक. क्रो तर कुऱ्हाड बाजूला ठेवून हॅडोची पावलं एकेक करून खोबणीत ठेवून देत होता. ज्याला स्वतःचं पाऊल ठेवता येत नाही, त्याला सर्वोत्तम गाईडही वाचवू शकला नाही, उलट स्वतः गेला. २०२२चं मान्य आहे. पण तो निर्णय गाईडांनी घेतला. त्यांच्या ग्राहकाला 'या वर्षी बंद' एवढंच कळलं असेल, तर पुढल्या उष्ण वर्षी तो एकटा असताना काय करणार?

सावकाश

दोघंही दोराबद्दल भांडताय. शरीराचं काय? अनेक दिवसांच्या मोहिमेत माणसं परत फिरतात ती बऱ्याचदा उंचीमुळे. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. आता एखाद्या आठवड्याच्या मोहिमेचा कार्यक्रम याच्याशी ताडून बघा. माँ ब्लाँ ४,८०० मीटरच्या थोडं वर, गूतेचं हट, म्हणजे वाटेवरचं मुक्कामाचं घर, ३,८३५ वर. म्हणूनच शहाणे गाईड आधी ४,०६१ मीटरचं ग्रान पारादिसो करायला लावतात, वर एक-दोन रात्री काढायला लावतात आणि मगच माँ ब्लाँकडे वळतात. जे पहिल्या तीन दिवसांतच मोठ्या शिखराला हात घालतात, त्यांच्याकडे जाऊ नका, मान्यता कुठलीही असो.

यात एक गोष्ट कुणी बोलत नाही. गाईडला तुमची डोकेदुखी दिसत नाही. मळमळ, रात्रभर न लागलेली झोप, चालताना जाणारा तोल, यातलं बरंचसं तुम्ही सांगाल तेव्हाच त्याला कळतं. आणि पैसे भरलेला, रजा काढून आलेला माणूस ते लपवतो. मी हे हटमध्ये डोळ्यांनी पाहिलं आहे: पहाटे नाश्त्याला बसलेला माणूस ताटलीला हात लावत नाही, गाईडने विचारलं की हसून 'उत्तम' म्हणतो. थोडीशी डोकेदुखी त्याच उंचीवर थांबून बरी होते. तीच घेऊन वर गेलं तर मेंदूला सूज किंवा फुप्फुसात पाणी, आणि मग एकच उपाय, लगेच खाली उतरणं. मोहिमेत सामील व्हायचं की नाही यापेक्षा 'मी खरं सांगेन का' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ज्याला शिखर हुकल्याचं सोसणार नाही, त्याने गाईडबरोबरही जाऊ नये आणि एकट्यानेही.

दोरखंड

सावकाश यांच्या मुद्द्याला धरून, पण मला दोराच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

१८२० साली डॉ. हामेल यांच्या माँ ब्लाँ मोहिमेत हवा खराब होती, गाईडांचं मन पुढे जायला तयार नव्हतं. मोहीम पुढे गेली, हिमप्रपात झाला आणि तीन गाईड क्रेव्हासमध्ये गाडले गेले. त्यांचे अवशेष हिमनदीच्या खालच्या टोकाला बाहेर यायला १८६१ साल उजाडलं. त्या अपघातानंतर १८२१ साली माँ ब्लाँच्या पायथ्याच्या शामोनी गावात गाईडांची कंपनी स्थापन झाली. म्हणजे हा सगळा व्यवसाय ज्या नियमांवर उभा आहे, त्यांच्या मुळाशी ग्राहकाच्या हट्टाचा प्रश्न आहे.

अरुंद धारेवर आखूड दोराने चालताना गाईड बहुतेक वेळा कशालाही अँकर केलेला नसतो. तुमचा पाय अडखळला तर त्याच क्षणी दोर ताणून तो तुम्हाला सावरतो. ते क्षणात जमलं नाही तर तोही जातो. त्याला दोन ग्राहक असतील तर तिघंही. तो हे हंगामभर, दर आठवड्याला नव्या अनोळखी माणसांबरोबर करतो. म्हणून तयारी न करता 'गाईड आहे ना' म्हणत जाणं मला सरळ चुकीचं वाटतं. पाठीवर दहा-बारा किलो घेऊन सलग आठ-दहा तास चढउतार करता येत नसेल, क्रॅम्पॉनसकट उतरताना गुडघे लटपटत असतील, तर अजून सहा महिने थांबावं. थकलेला माणूस बहुतेकदा उतारावर घसरतो.

पहिलंपाऊल

मी पुढल्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच अशा मोहिमेला जायचा विचार करते आहे, म्हणून सगळं वाचतेय. एक शंका कुणी घेतली नाही. एका गाईडमागे दोघं असतील आणि दुसरा माणूस अनोळखी असेल, तर त्याला त्रास झाल्यावर मलाही परत फिरावं लागेल ना? आणि मी मंद असले तर माझ्यामुळे त्याचं शिखर जाईल, याचंच मला जास्त दडपण आहे.

हिमरेषा

@पहिलंपाऊल, हो, एक फिरला की दोघं फिरतात. हिमनदीवर कुणाला एकटं सोडून पुढे जाता येत नाही. कधी कधी त्याच संस्थेचा दुसरा गाईड परतणाऱ्याला आपल्या दोरात घेतो, पण त्यावर विसंबू नका. नाव नोंदवतानाच विचारा की जोडी कशी लावता, तयारीच्या दिवसांनंतर ती बदलता का. चांगले लोक पहिल्या दोन दिवसांत चाल बघून जोड्या लावतात. आपल्याच चालीचा जोडीदार मिळाला तर त्याच्याबरोबर जा, किंवा पहिलंच शिखर सोपं निवडा. तुमच्यासारखं दडपण ज्याला येतं तो सहसा तयारीनिशी येतो, त्यामुळे तेवढ्यासाठी मागे हटू नका.

@उत्तरधार, पुढच्याच्या टाचेकडे बघत चालण्याच्या तुमच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं राहिलं. गाईडला पहिल्याच संध्याकाळी सांगता येतं: मला शिकायचंय. उद्याची वाट नकाशावर मी काढते, तुम्ही तपासा. हवामानाचा अंदाज मी वाचते, निघायची वेळ मी सुचवते, चुकलं तर सांगा. हिमनदीच्या सपाट भागात मला पुढे चालू द्या. मला भेटलेल्या गाईडांपैकी कुणीही याला नकार दिला नाही, बहुतेकांना आनंदच झाला. परतताना 'इथे आपण डावीकडे का वळलो' हे विचारणारा ग्राहक त्यांना क्वचित मिळतो. असं केलेलं शिखर मी आपलं म्हणेन. नुसतं ओढत नेलेलं म्हणणार नाही, तिथे आपलं एकमत आहे.

उत्तरधार

अशी मोहीम असेल तर माझा विरोध बराच मवाळ होतो. पण मग तिची किंमत शिखरावर ठरवू नका. जाहिराती बघा, बहुतेक मोहिमांना शिखराचंच नाव असतं, आणि शिखराच्या दिवशी पहाटे तीनला, मागे दहा दोर रांगेत उभे असताना, कुठला गाईड तुम्हाला वाट शोधायला पुढे सोडणार आहे? तिथे तो घाईत असतो आणि त्याने असायलाच हवं.

@पहिलंपाऊल, माझं ऐकणार असाल तर आधी प्रशिक्षणाचा आठवडा, शिखर त्याच्या पुढच्या वर्षी. हिमरेषा यांचं ऐकणार असाल तर निदान तो पहिल्या संध्याकाळचा संवाद नाव नोंदवण्याआधीच ईमेलवर करून घ्या. उत्तरात शिखराच्या तारखेबद्दलच लिहिलं असेल, तर दुसरीकडे चौकशी करा.