अंटार्क्टिकच्या टूथफिश (खोल पाण्यातला मोठा मासा) पकडणाऱ्या बोटीवर रिपोर्टिंग कसं असतं?

कुलाबेकर: भाऊ ससून डॉकच्या बोटींवर वाढलाय, आता दक्षिणेकडच्या लाँगलाइनरवर (लांब दोरीला खूप गळ लावून मासे धरणारी बोट) मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, म्हणून जातोय. इथे संध्याकाळी टोपल्या मोजल्या की काम झालं, तिकडे म्हणे दर तासाला रिपोर्ट? आई काळजीत आहे.

दर्यावर्दी: दर तासाचं ते व्हीएमएस, म्हणजे बोट कुठे आहे ते दाखवणारं यंत्र, सॅटेलाइटवरून पोझिशन आपोआप जाते, त्याला काही टाइप करावं लागत नाही. पण ते बंद पडलं तर ताबडतोब कळवायचं, आणि एका सबएरियातून (तिथल्या समुद्राचे पाडलेले भाग) दुसऱ्यात गेलात तरी कळवायचं. नियम सीसीएएमएलआरचे (अंटार्क्टिक समुद्रातलं जीवन जपणारी आंतरराष्ट्रीय संस्था), ऑफिस ऑस्ट्रेलियात होबार्टला, भारत 1986 पासून मेंबर आहे. एक्सप्लोरेटरी भागात, म्हणजे जिथे मासेमारी अजून चाचपणीची आहे तिथे, कॅच (पकडलेले मासे) रोज कळवायचा, कारण लिमिट भरलं की तो भाग सगळ्यांसाठीच बंद, उशिरा आलेला आकडा म्हणजे जास्तीचे मासे मेले.

वर्सोव्याची ताई: टॅगिंग विसरू नकोस रे! काही भागांत टनामागे 1 मासा, काही भागांत 5, टॅग लावून जिवंत सोडायचे. मासा अलगद उचलायचा, लांबी मोजायची, टॅग नंबर नीट लिहायचा. एक अंक चुकला तर पुढे तोच मासा पुन्हा सापडला तरी काही उपयोग नाही.

दर्यावर्दी: हो, आणि गळाला लावायच्या आमिषाच्या खोक्यांना प्लास्टिकची पट्टी चालत नाही, सीलच्या गळ्यात अडकते. चढण्याआधी स्टोअरमध्ये स्वतः बघायला सांग.

कुलाबेकर: थँक्स दादा, ताई. आजच फोन करतो त्याला.