हेलसिंकी, डिसेंबर: जॅकेटआधी बूट बघा

चौघं डिसेंबरअखेर फिनलंडच्या राजधानीत, हेलसिंकीला जाताय आणि जॅकेट किती जाड घ्यावं, असं विचारलंय. त्याआधी बूट बघा. तापमान शून्याच्या आसपास वरखाली होतं, दिवसा वितळलेला बर्फ रात्री काचेसारखा गोठतो आणि गुळगुळीत तळव्याचा बूट हमखास घसरतो. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे घ्या, दुकानात शिरताना मात्र काढा. फरशीवर तेच घसरतात. बूट अर्धा नंबर मोठा हवा. लोकरी मोजा आत कोंबला गेला की बोटं आधी गारठतात. अंगालगत सुती बनियन नको, घाम धरून ठेवतं. मेरिनो मेंढीची लोकर घाला.

सूर्य सव्वातीनच्या सुमारास मावळतो, म्हणून सुओमेनलिन्ना हा बेटांवरचा किल्ला सकाळीच उरका. मार्केट चौकातून फेरीबोट पंधरा मिनिटांत पोचते, शहरातल्या बस-ट्रामचं एबी तिकीट (ए आणि बी या भागांचं) चालतं. विमानतळ सी भागात आहे, त्यासाठी मात्र एबीसी लागतं. अंधार पडल्यावर ओडी ग्रंथालयात बसा, प्रवेश फुकट आहे. २४ ते २६ तारखेला बरंच काही बंद असतं, तेव्हा किराणा २३ लाच भरा. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते.