गृहभेटीत कुटुंबाला सोबत कसे घ्यावे?

प्रश्न (गृहभेट कार्यकर्ती, उत्तर नागपूर)
विकासात मागे पडलेल्या, तीन वर्षांखालील बालकांच्या घरी जाऊन मी शीघ्र हस्तक्षेपाचे, म्हणजे लहान वयातच मदत सुरू करण्याचे काम करते. सध्या ज्या मुलाकडे जाते तो वीस महिन्यांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी अवस्था) असून पाय ताठ राहतात आणि आधाराशिवाय बसता येत नाही. मी व्यायाम सुरू केला की आई स्वयंपाकघरात जाते, आणि "याचा बाप पण उशिराच चालला" असे म्हणून आजी विषय संपवतात. सांगितलेले आठवडाभर काहीच होत नाही. काय करावे?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, धंतोली)
मूल तुमच्या हातात असते, म्हणून आई उठून जाते. पुढच्या भेटीत आधी तिला मुलाचा दिवस सांगू द्या: तो कधी उठतो, त्याला कोण भरवते, कोणत्या वेळी तो सर्वांत जास्त चिडतो. मग त्याला आधी काय जमावे असे तिला वाटते, ते विचारा. पहिले उत्तर बहुधा "चालावे" असे येते, पण थोडे थांबलात तर "मी पोळ्या लाटते तेव्हा एका जागी बसावा" अशी नेमकी गरज पुढे येते, आणि ती आपल्या नोंदवहीतील कोणत्याही उद्दिष्टापेक्षा मोलाची असते, कारण त्यासाठी आई रोज धडपडणारच आहे. तेव्हा स्वयंपाकघरातच, दोन भिंतींच्या कोपऱ्यात उशा लावून त्याला बसवून पाहा, आणि ते तिच्याच हातून होऊ द्या. पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात असतील, तर खुब्याचे सांधे डॉक्टरांनी तपासले आहेत ना, याची खात्री करून, कडेवर घेताना त्याचे पाय आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना येतील असे धरायला शिकवा; त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. आजी मालिश करत असतील तर ती थांबवू नका. ताठ पाय झटक्याने ओढल्यास आणखी ताठरतात, म्हणून ते सावकाश कसे हलवावेत, एवढे त्यांना करून दाखवा.

उत्तर (पालक, नंदनवन)
"व्यायाम केले का?" या प्रश्नाला कोणतीही आई "हो" म्हणते. त्याऐवजी "कोणत्या वेळी जमले नाही?" असे विचारावे, म्हणजे खरी अडचण कळते. शिवाय मे महिन्याच्या दुपारी कुलरच्या एकाच खोलीत सारे घर झोपलेले असते. वडील घरी असतील अशी सायंकाळची वेळ ठरवावी.

उत्तर (निवृत्त विशेष शिक्षिका)
आजींचे म्हणणे खोडून काढू नये, असे मला आग्रहाने वाटते. "त्याचे बाबा कधी बसू लागले होते?" हे त्यांनाच विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांनुसार जवळजवळ सर्व बालके नऊ महिन्यांच्या सुमारास आधाराशिवाय बसतात. बाबा बहुधा त्या वयात बसत असत, आणि नातू अजून बसत नाही, हा फरक आजी स्वतःच ओळखतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, आणि त्याअंतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा बालकांची तपासणी होते. तिथे जाताना आईबरोबर आजींनाही न्या, आणि डॉक्टरांना मुलाची हकीकत त्यांनाच सांगू द्या.