मदत हवी आहे: हलका पण दमदार लॅपटॉप कोणता घेऊ?

लोकलवाली
लवकर सांगा, सेल रविवारी संपतोय. सध्याचा लॅपटॉप अडीच किलोचा, चार्जरची वीट वेगळी. रोज बदलापूरहून गर्दीत उभ्याने नेऊन खांदा भरून येतो. दुकानात दोन दाखवले, दोन्हीत आरटीएक्स ४०६०. एक दीड किलोचा, दुसरा सव्वादोन. ग्राफिक्स कार्ड तेच आहे तर पातळच घेऊ ना?

चिवट_प्रोसेसर
बजेट? सॉफ्टवेअर कोणतं? रॅम किती?

मॅकप्रेमी
डोळे झाकून मॅकबुक एअर घ्या. १३ इंची सव्वा किलोच्या आत-बाहेर, पंखाच नाही, आवाज शून्य. मी चार्जर घरीच ठेवतो.

चिवट_प्रोसेसर
पंखा नाही म्हणूनच लांबलचक रेंडरला (मॉडेलवरून खरंखुरं दिसणारं चित्र बनवताना) तापला की वेग उतरतो. आधी तिला काम तर सांगू द्या.

लोकलवाली
आर्किटेक्चर, तिसरं वर्ष. रेव्हिट, स्केचअपमध्ये मॉडेल, एन्स्केपमध्ये रेंडर. पातळ घेऊ की नको एवढंच सांगा.

चिवट_प्रोसेसर
मग मॅक बाद. रेव्हिट विंडोजसाठीच बनतं.
तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाव तेच असलं तरी ताकद तीच नसते. लॅपटॉपच्या ४०६०ला एनव्हिडियाने ३५ पासून ११५ वॉटपर्यंत मुभा दिलीय. त्यातले किती द्यायचे ते लॅपटॉप बनवणारा ठरवतो, कारण उष्णता बाहेर काढायला पातळ बॉडीत जागाच कमी. स्पेसिफिकेशनमध्ये टीजीपीचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डला मिळणाऱ्या वॉटचा आकडा शोधा. नसेल तर दुकानदाराला विचारा, तो टाळेल, तरी सोडू नका. आणि बॅटरीवर दोन्ही मंदावणारच, पूर्ण जोर फक्त प्लग लावल्यावर.

पेन्शनीत_मजेत
विमानात लॅपटॉप नेताना बॅटरीचं काही बंधन असतं का? मुलीकडे जायचंय.

चिवट_प्रोसेसर
काका, १०० वॉट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही, हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९च्या आसपास अडतात त्या यामुळेच.

रिपेअरवाला
रॅमकडे कुणी बघतच नाही! पातळ मॉडेलमध्ये बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. माझ्या टेबलावर असे लॅपटॉप सारखे येतात, बाकी सगळं ठणठणीत, फक्त ८ जीबीत अडकलेले. मी हात जोडून परत पाठवतो. ताई, स्लॉटवाला घे, नाहीतर आत्ताच ३२चा.

घरचा_डेस्कटॉप
एवढ्या पैशात घरी डेस्कटॉप आणि कॉलेजला साधा लॅपटॉप येतो. खांदाही वाचेल.

लोकलवाली
ज्युरीसमोर (कॉलेजच्या परीक्षकांसमोर) मॉडेल फिरवून दाखवावं लागतं, डेस्कटॉप तिथे कसा नेऊ? बजेट सव्वा लाख. दीड किलोवाल्यात १६ जीबी आहे, सोल्डर्ड.

रिपेअरवाला
सोड तो.

चिवट_प्रोसेसर
एवढी घाई नको. सव्वादोनवाला टाइप-सीवरून चार्ज होतो का ते बघा. होत असेल तर १०० वॉटचा छोटा चार्जर रोज न्या, वीट फक्त ज्युरीच्या दिवशी. सध्याच्या ओझ्यातला बराच भाग चार्जरचाच आहे.

मॅकप्रेमी
एअर एकदा हातात घेऊन तर बघा.

लोकलवाली
रेव्हिट चालत नाही हो त्यावर! टाइप-सी चार्जिंगचं उद्या दुकानात विचारते. टीजीपी किती असली की एन्स्केप अडकत नाही?