मदत हवी आहे: ३४१ शोधायचे कसे?
‘२ च्या क-व्या घातातून २ वजा केल्यावर क ने निःशेष भाग गेला, तर क मूळ संख्या असते.’ हे विधान नववीतल्या भाचीला खोटं ठरवून दाखवायचंय. ३, ५, ७ ने भाग जातो. ४, ६, ९ ने जात नाही, म्हणून तिला ते पटलंय.

प्रतिउदाहरण ३४१ = ११ × ३१. २ चा १० वा घात १०२४, म्हणजे ३ × ३४१ + १. त्यामुळे ३४० व्या घातालाही बाकी १ च उरते. एवढं तिला समजलं.

पण तिचा प्रश्न वेगळाच, आणि मला फार आवडला: एकेक संख्या तपासत न बसता ३४१ पर्यंत पोचायचं कसं? १०२३ = ३ × ११ × ३१ इथून वाट निघते असं वाटतं. ५६१ हे आणखी एक प्रतिउदाहरण, तेसुद्धा असंच सापडतं का? नववीच्या गणितात बसेल असं कुणी समजावून सांगाल का?