'बुशिंग'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : वायरिंगच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतोय. लोखंडी पाईप संपतो आणि वायरी बाहेर पडतात, तिथे 'बुशिंग' बसवा, असं वाक्य आहे. कोशातली 'झुडूप' आणि 'अस्तर' दोन्ही चालेनात. तूर्त 'टोपण' लिहिलंय. चालेल?

उत्तर १ : टोपण नको हो, वाचणारा पाईपचं तोंडच बंद करून बसेल! बुशिंग, म्हणजेच बुश, हे आरपार भोक असलेलं, गोल ओठाचं कडं. झुडपाशी त्याचं काही नातं नाही. डबी या अर्थाच्या जुन्या डच शब्दावरून तो आलाय.

करवतीने पाईप कापला की आतल्या कडेला ब्लेडसारखी धार उभी राहते. कारागीर तिला 'बर' म्हणतात. कानशीने ती घासायचीच, पण घासूनही कड पातळच राहते. बुश नसेल तर वायर ओढताना तिथेच इन्शुलेशन सोलवटतं. फेजचं तांबं पाईपाला टेकलं की अख्ख्या पाईपात करंट. अर्थिंग नीट असेल तर फ्यूज उडतो. नसेल तर पाईपाला हात लावणाऱ्याला कळतं.

उत्तर २ : काठीच्या टोकाला बसवतात ती 'शेंबी' कशी वाटते? नळीच्या टोकाचं कडंच की.

उत्तर १ : शब्द झकास आहे, पण काम उलटं. शेंबी काठीला जपते, तिचं टोक झिजू देत नाही. इथे पाईपाचं काही बिघडत नाही, जपायची असते आतली वायर. शिवाय दुकानात शेंबी मागितली तर काठीच पुढे येईल. 'बुश'च लिहा. पंपाचा बुश, गाडीचा बुश आपण म्हणतोच.

उत्तर ३ : दोन शेजारी सांभाळा. पत्र्याच्या भोकात बसतो तो खाच असलेला रबरी 'ग्रोमेट'. केबल आवळून धरते ती 'ग्लँड'. बुश आवळत नाही, नुसता पाईपच्या आट्यांवर फिरवून बसवतात. आणि ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावरची चिनी मातीची खांबुली, तीही 'बुशिंग'च. म्हणून पहिल्यांदा 'पाईपच्या तोंडाचा बुश' असं पूर्ण लिहा, पुढे नुसतं बुश.

आणखी एक, भाषेबाहेरचं. वाक्यांचा क्रम तपासा: आधी बुश, मग वायरी. मी एकदा चारही वायरी ओढून, टोकं जोडून मोकळा झालो आणि बुश खिशातच राहिला. अखंड कडं, आता घालणार कुठून? सगळे जोड सोडवले.

प्रश्नकर्ता : क्रम उलटाच निघाला, दुरुस्त केला. तो बुश की ते बुश?

उत्तर १ : तो बुश. अनेकवचनही बुशच, 'बुशे' करू नका.